कूलरपुढचा समुद्र

नेरमध्ये समुद्र आला त्या दिवशी आमच्या गल्लीत नळ आला नव्हता. बायका पाण्याच्या रिकाम्या गुंड्या घेऊन ओट्यांवर बसल्या होत्या आणि आमच्या दारात गाडीवरून पाण्याचे कॅन उतरत होते. एकेक कॅन आत जाई तशा साऱ्यांच्या माना एकदम वळत. वाऱ्यानं पऱ्हाटीचं वावर एका बाजूला झुकावं तशा.

"कार्यक्रम हाय का वं घरी?" बेबीताईंनी विचारलं. त्यांची नि आमची भिंत एकच. आमच्याकडे मिक्सर लागला की त्यांच्या फळीवरचे डबे हलतात.

"नाही, समुद्र करून राह्यलो," मी म्हटलं.

"म्हंजे?"

"या पाण्यात मीठ टाकायचं, दिवे लावायचे, मासे सोडायचे. काचेच्या टाकीत."

बेबीताईंनी आपल्या रिकाम्या गुंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "प्याचं पानी इकत आनून खारं करता?"

पंचवीस वर्षं मराठी शिकवते आहे, पण त्या दिवशी मी कॅन मोजायच्या निमित्तानं आत पळाले.

तशी चूक माझीच म्हणावी लागेल, किंवा सातवी ब मधल्या एका पोरीची. मी समुद्राचे समानार्थी शब्द पाठ करून घेत होते. सागर, सिंधू, रत्नाकर, अर्णव. तिनं हात वर केला. "बाई, त्याचा आवाज कसा अस्ते?" मी म्हटलं, "पुढचा प्रश्न." समुद्राची चार नावं मला ठाऊक होती, पण भेट एकदाही नव्हती. दर उन्हाळ्यात जायचं ठरे आणि दर उन्हाळ्यात काहीतरी आडवं येई. भाच्याचं लग्न, निवडणुकीची ड्यूटी, बोर्डाचे पेपर. एका वर्षी तर निघायच्या दिवशी कूलरची टाकीच फुटली. माझी आई जात्यावर बसली की तिच्या ओव्यांत नद्या यायच्या, वर्धा यायची, अडाण यायची, पैनगंगा यायची. समुद्र कधी आला नाही. म्हणायची, "जे डोयानं पाह्यलं नाही बाई, त्याच्यावर ववी बसत नाही."

हे मी सहज बोलले रात्रीच्या जेवणात. आमचे हे, म्हणजे धम्मरत्न, मान खाली घालून जेवत होते. मी समजले, ऐकत नाहीत. बाईमाणसानं एवढ्यावरच थांबावं, कारण नवरा ऐकत नाही तोवर संसार सुरक्षित असतो. आठवड्यानं त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. काचेची टाकी, निळा उजेड, पोवळी, आणि एका हलत्या फुलाच्या कुशीत दोन नारिंगी मासे.

"आपल्याले जाणं होत नाही नं तिकडं?" ते म्हणाले. "मंग त्यालेच आणू इकडं."

मी नको म्हणायला हवं होतं. पण कोणी आपल्यासाठी समुद्र आणतो म्हणतं तेव्हा नको म्हणायची ताकद माझ्या घराण्यात कोणालाच नाही.

आता समुद्राला वीज लागते, हे भूगोलाच्या पुस्तकात नाही. लाटा करायला पंप, गाळ काढायला पंप, पोवळ्यांना सूर्य म्हणून दिवे. घरचा वीजभार पुरेना, म्हणून ह्यांनी वाढीव भाराचा अर्ज केला. हे स्वतः वीज कंपनीच्या कचेरीत. असले अर्ज तपासायचं टेबल ह्यांचंच. अर्ज दुसऱ्या दिवशी ह्यांच्याच टेबलावर आला. संध्याकाळी तोंड पाडून घरी आले.

"काय झालं?"

"अर्जात त्रुटी निघाली."

"कोणी काढली?"

"मीच."

"अहो!"

"कारणाच्या जागी मी समुद्र लिहिलं होतं. तसा प्रवर्गच नाही. घरगुती हाय, व्यापारी हाय, शेतीपंप हाय."

"मग शेतीपंप लिहा."

"मले माहीत हाय नं आपल्याकडं शेती नाही म्हणून. मी कसा पास करू?"

प्रामाणिक माणसाशी लग्न केलं की शेजारणी कौतुक करतात. दिवे मात्र त्यांच्याच घरी लागतात. शेवटी ह्यांनी 'घरगुती, शोभेकरिता' असं लिहून पुन्हा अर्ज केला, स्वतःलाच तोंडी खुलासा विचारला, स्वतःच समाधान करून घेतलं आणि मग सही केली.

कोपऱ्यावर रहेमानभाईंचं मोटर वाइंडिंगचं दुकान. त्यांनी एक पंप नव्यानं गुंडाळून दिला, वायरी ओढल्या, आणि गल्लीतला प्रत्येक माणूस देतो तसा सल्लाही दिला. "भाभी, मीठच पायजे तं किराण्यातलं जाडं मीठ टाका. मीठ मीठ असते." समोरच्या मारोतरावांचं मत पडलं की मासे घ्यायचेच तर चांगले खाण्याजोगे घ्यावेत, म्हणजे छंद फसला तरी जेवण होतं. बेबीताई म्हणाल्या, टाकी ईशान्येला ठेवा. आमच्या ईशान्येला मोरी आहे. टाकी मग बैठकीतच बसली, बुद्धांच्या तसबिरीखाली, आणि पाणी स्थिरावेपर्यंत महिनाभर तशीच राहिली. नुसतं पाणी. येणारा प्रत्येकजण वाकून पाही आणि आमच्याकडे अशा नजरेनं बघे, जशी घरात कोणी आजारी असल्यावर बघतात.

मासे आणायला आम्ही दोघं अमरावतीला गेलो. पिशवीत पाणी, पाण्यात ती नारिंगी जोडी. दुसऱ्या पिशवीत समुद्रफूल, पोवळी, दोन झिंगे, गोगलगाई. समुद्रफूल म्हणजे फूल नव्हे. तो जीवच, पण दिसतो फुलासारखा, आणि ही जोडी त्याच्याच मांडीत राहते. परतीच्या एस.टी.त कंडक्टरनं पिशवी पाहिली.

"याच्यात काय हाय?"

"पाणी," हे म्हणाले.

"पान्यात?"

"मासे."

"खायचे का पाह्याचे?"

"पाह्याचे."

"हे झालं वांधं. खायचे असते तं सामान धरलं असतं. पाह्याचे म्हंजे जितं जनावर. तिकिटाच्या मशिनीत मासोयी नाई."

मागून कोणी म्हणालं, "कोंबडीत धरा नं बापा."

"कोंबडीले पाय असते."

"मंग त्या झिंग्याले पाहा, त्याले तं लयच पाय हायेत!"

अख्खी एस.टी. दोन पक्षांत फुटली. ड्रायव्हर इंजिन बंद करून मागे आला. हे नियमांचे माणूस, ते नियमांचंच बोलू लागले, त्यामुळे प्रकरण आणखी लांबलं. शेवटी एक बाई म्हणाली, "अरे, त्या ताईच्या मांडीवर राहू दे. मांडीवरच्या लेकराले कुठी तिकीट अस्ते?" कंडक्टरला ते पटलं. मी समुद्र मांडीवर घेऊन बसले. पिशवी कोमट होती आणि हलत होती. वाटेत पूल आला, तशी पुढच्या सीटवरच्या म्हातारीनं खिडकीतून नदीत पैसा टाकला आणि हात जोडले. आमच्याकडे वाहत्या पाण्यावरून कोणी रिकाम्या हातानं जात नाही. उतरताना त्या बाईनं विचारलं, "नावं काय ठेवली?" मला एकदम रडू आलं. का आलं ते माहीत नाही.

मग उन्हाळा लागला. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे सकाळी नऊला चपला शोधाव्या लागतात आणि अंगणातल्या फरशीवर पाय टेकवत नाही. माशांना हवा पुण्याचा हिवाळा. ह्यांनी झोपायच्या खोलीतला कूलर उचलून टाकीपुढे लावला. वाळ्याचा गारवा मासे घेत आणि आम्ही दोघं गच्चीवर ओली चादर पांघरून पडू. लग्नात आहेरात आलेला कूलर होता तो.

तेवढ्यानंही भागेना, तेव्हा बाटल्यांत बर्फ करून टाकीत सोडायचं ठरलं. आमचा फ्रीज लहान. आणि मग ज्या बायकांच्या गुंड्या रिकाम्या होत्या त्याच बायका पुढे झाल्या, हे मी विसरणार नाही. बेबीताईंच्या फ्रीजमध्ये आमच्या बाटल्या, रहेमानभाईंच्या घरी कमरुन्निसाभाभींच्या फ्रीजमध्ये बाटल्या, मारोतरावांकडे बाटल्या. एकदा गडबडीत पन्ह्याची बाटली समुद्रात तरंगत राहिली आणि मारोतरावांच्या घरी पाहुण्यांनी नुसतं बर्फाचं पाणी पिऊन "छान झालं" म्हटलं. भर दुपारी वीज गेली की सारी गल्ली ह्यांनाच फोन करी. हे वीज कंपनीत असून आमचीच लाइन जाते, याचा गल्लीला राग आणि थोडा आनंदही होता. रहेमानभाई ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन धावत येत. बॅटरी उतरली की सायकलचा पंप. आळीपाळीनं सारेजण माशांना हवा भरत बसत. मारोतराव पंप मारताना म्हणत, "आमच्या सासऱ्याची अशी सेवा केली असती तं वावर नावावर झालं असतं."

बेबीताईंची सासू रामीबाई. डोळ्यांना अंधुक, पाठीला बाक, गळ्यात काळ्या दोऱ्यात भोकाचा जुना पैसा. त्या रोज दुपारी यायच्या. कूलरचा वारा मिळतो म्हणून येतात, असं मी समजत होते.

"खराच समिंदर हाय का वं हा?" त्यांनी एकदा विचारलं.

आता इथे मी सांगायला हवं होतं की आजी, ही काचेची टाकी आहे, बाजारचं मीठ आहे. पण गल्लीभर टिंगल ऐकून माझा मान इतका दुखावला होता, की पहिल्यांदा कोणी श्रद्धेनं विचारलं आणि मी फुलून गेले.

"खराच, आजी. त्यातलेच मासे, त्यातलंच फूल."

त्यांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं. "खारटच हाय वं माय!" आणि मग पुष्कळ वेळ काचेला तोंड लावून बसल्या. त्यांचा नवरा तरुणपणी कापसाच्या गाठींबरोबर मुंबईला गेला होता. येताना म्हणाला, लय मोठं पानी हाय, तुले एकदा दाखवीन. दाखवायच्या आत तो गेला. हे सांगताना रामीबाईंच्या आवाजात दुःख नव्हतं. बस चुकल्यावर माणूस सांगतो तसं त्या सांगत होत्या. मग हळूच गुणगुणल्या,

समिंदर समिंदर, आयकला कानोकानी
डोयानं पाह्यला बाई, काचाच्या घरात पानी
धनी माहे गेले पुढं, सांगून गेले खुना
लाटंमांगं लाट येते, मानूस येत नाई पुन्हा

माझ्या आईला जी ओवी बसली नव्हती ती माझ्या बैठकीत, कूलरच्या घरघरीत बसली. मी चहा ठेवायला आत गेले, खरं तर डोळे पुसायला. बाहेर आले तेव्हा रामीबाई ओला हात कपाळाला लावत होत्या.

पुढच्या आठवड्यात झिंगे गेले. आधी एक, मग दुसरा. गोगलगाई काचेवरून गळून पडल्या. पोवळ्यांनी तोंडं मिटली. समुद्रफूल आक्रसत गेलं, ओल्या रुमालासारखं पडून राहिलं, आणि ती जोडी त्याच्याभोवती फिरत राहिली. रोज सकाळी मी पंचशील म्हणते. पहिलंच शील जीवहिंसा न करण्याचं. पहिल्या ओळीलाच माझी नजर टाकीकडे जाई आणि पुढची ओळ चुके.

ह्यांनी अमरावतीच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "पाण्यात तांबं गेलं असेल. मासे धरतात तग, पण बाकीचे जीव तांब्यानं मरतात. पंपाची वायर पाहा."

पंप रहेमानभाईंनी गुंडाळलेला. हे म्हणाले, "जरा थांब, आधी तपासू." मी थांबले नाही. तशीच दुकानात गेले, चार गिऱ्हाईकं उभी होती, आणि म्हटलं, "रहेमानभाई, तुमच्या तांब्यानं माझा समुद्र मारला."

त्यांनी पाना घेतला. माझ्यासोबत आले, पंप काढला, आमच्या फरशीवर बसून उघडला. आतली वायर कोरडी, लाखेत जशीच्या तशी बंद. "मोटर तुमच्यापुढं हाय, भाभी," ते म्हणाले. "पाह्यून घ्या. पन चार लोकांत असं नका बोलू." पंप होता तसा बसवला, पाना रुमालात गुंडाळला आणि गेले. जाताना आमच्या पडवीतली ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन गेले.

रविवारी आम्ही टाकीतली वाळू उपसली. हे चाळणीनं काढत होते, मी परातीत ओतून घेत होते. चाळणीत काहीतरी वाजलं. ह्यांनी बोटांनी धुऊन तळहातावर ठेवलं. भोकाचा पैसा. तांब्याचा, कडेनं हिरवा पडलेला, भोकात काळ्या दोऱ्याचा तुकडा.

आम्ही दोघं फरशीवर तसेच बसलो. एवढ्या वर्षांच्या संसारात आम्ही इतके एका विचाराचे कधीच नव्हतो.

"आजींना सांगायचं नाही," मी म्हटलं.

"कोण सांगून राह्यलं?" हे म्हणाले.

संध्याकाळी दोघं रहेमानभाईंकडे गेलो. कमरुन्निसाभाभींनी सरबत केलं. मी सारं सांगितलं, चूक कबूल केली, दुकानात चार लोकांपुढे पुन्हा येऊन सांगते म्हटलं, आणि गेलेही. रहेमानभाई हसले. "जाऊ द्या, होते असं. तुमचं मन दुखलं होतं, म्याडम." त्या दिवसापासून मी त्यांची म्याडम आहे. आधी भाभी होते. त्यांनी माफ केलं हे खरं, पण भाभी म्हणणं त्यांच्याकडे परत मागता येत नाही.

मासे आम्ही अमरावतीला परत नेले. नेमका कंडक्टर तोच निघाला. पिशवी पाहून त्यानं मशीन खाली केलं. "आता कुठी चालले?"

"माहेरी," हे म्हणाले.

त्यानं आमची दोनच तिकिटं काढली. मी पिशवी मांडीवर घेतली.

राहिलं पाणी. नेरमध्ये समुद्र आणता येतो. ओतून देता येत नाही. माझ्या लिंबाला घालावं तर लिंब मरेल. मारोतराव म्हणाले, नालीत सोडलं तर पाणी त्यांच्या वावरात जातं. बेबीताई त्यांच्या तुळशीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. ह्यांनी कचेरीत चौकशी केली; वापरलेल्या समुद्राचं काय करावं याचं परिपत्रक निघालेलं नव्हतं. मग टाकी तशीच राहिली आणि मे महिन्यानं काम हाती घेतलं. रोज थोडा थोडा करून उन्हाळ्यानं समुद्र पिऊन टाकला. काचेवर मिठाच्या रेघा उरल्या, एकीखाली एक, पाणी कुठवर होतं ते सांगणाऱ्या. कूलर पुन्हा आमच्या खोलीत आला. आता त्याला खारट वास येतो, किंवा मलाच येत असेल.

रामीबाई पुन्हा आल्या तेव्हा टाकी कोरडी होती. त्यांनी काचेवर हात फिरवला. गळ्यात नुसता काळा दोरा, गाठ मारून पुन्हा बांधलेला.

"कुठी गेला वं समिंदर?"

"ओहोटी लागली, आजी."

"वापस येते का मंग?"

"येतो म्हणतात."

मग अगदी बारीक आवाजात, बेबीताईंना ऐकू जाऊ नये असं, माझ्याजवळ सरकून म्हणाल्या, "मी त्याले एक पैसा देल्लता. माह्या घरच्यानं देऊन ठेवलता, समिंदर पाह्यशीन तवा टाकजो म्हने. घेऊन गेला का तो?"

पैसा माझ्या पर्समध्ये होता. पर्स माझ्या खांद्याला होती.

"घेऊन गेला, आजी."

"मंग झालं." त्यांचा चेहरा असा निवला, जसा पहिल्या पाण्यानंतर बांध निवतो. आता गल्लीत कोणीही भेटलं की त्या सांगतात, माहा पैसा समिंदराले पोचला. लोक माझ्याकडे पाहतात. मी मान डोलावते.

हे सारं गेल्या वर्षीचं. या उन्हाळ्यात आम्ही जायचं नक्की ठरवलं होतं. कोकणात कुठंही, जिथं पाणी असेल तिथं. ह्यांनी रजा टाकली. स्वतःच्या रजेत ह्यांना त्रुटी काढता येत नाही, ते टेबल दुसऱ्याचं आहे, म्हणून मंजूरही झाली. मग माझी जनगणनेची ड्यूटी लागली. दिवाळीत जाऊ म्हणतो आहोत. रामीबाई आता ओट्यावरून उठत नाहीत.

पैसा पर्सच्या लहान कप्प्यात असतो. परवा यवतमाळला जाताना घाईत सुट्ट्यांबरोबर तोही निघाला आणि कंडक्टरच्या हातात गेला. त्यानं उलटून पाहिला, भोकातून खिडकीबाहेर पाहिलं, आणि माझ्या हातात परत ठेवला.

"बाई, हा कुठीच चालत नाई आता."

"एका ठिकाणी चालतो," मी म्हटलं.

"कोन्त्या?"

मी जागेचं नाव सांगायला तोंड उघडलं. समुद्राची चारही नावं पाठ होती, पाहिलेलं एकही नव्हतं. त्यानं वाट पाहिली, मग पुढच्या सीटकडे गेला.